ताळा जुळला, उत्तर चुकले

गणित तपासण्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : ताळा. जुन्या शाळेत भागाकार करून झाला की ताळा करून दाखवावा लागे. भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकी मिळवायची आणि भाज्य परत येतो का ते बघायचे. गुणाकाराला नवाचा ताळा असे. व्यापाऱ्याच्या वहीत ताळेबंद आला, ऐकीव गोष्टीची खात्री करणे म्हणजे पडताळणे झाले. या सगळ्यामागे एकच विश्वास आहे. उत्तर खरे असेल तर ते उलट दिशेने चालवल्यावर मूळ प्रश्नापाशी आले पाहिजे. आणि ते तसे आले, तर उत्तर खरे आहे.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग निर्विवाद आहे. दुसऱ्या अर्ध्याचे काय, हा या लेखाचा विषय. अनेक समीकरणे एकदम सोडवायची, येणाऱ्या संख्या दशांश चिन्हानंतर कुठेतरी तोडायच्या आणि मिळालेले उत्तर मूळ समीकरणांत घालून बघायचे, हा उद्योग माणूस फार काळ करत आला. या ताळ्यावर किती विसंबायचे, हे मात्र गेल्या ऐंशीएक वर्षांतच नीट उलगडले. गणिताच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा शून्यापाशी सुरू होऊन रामानुजनांपाशी थांबते. त्यामुळे हा भाग आपल्या वाचनात सहसा येत नाही.

मागे जायचे तर पुरेसे मागे जाता येते. १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावात भूर्जपत्रांवरचे एक हस्तलिखित सापडले. आज ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत आणि त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याची मांडणी. आधी सूत्र, मग उदाहरण, मग संख्यांची स्थापना, मग रीत आणि शेवटी 'प्रत्यय', म्हणजे ताळा. गणित सोडवून लेखक थांबत नाही, उत्तर परत घालून दाखवतो. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तात नवाचा ताळा आहे. १३५६ सालच्या गणितकौमुदीत नारायण पंडित नवाचाच कशाला, कोणत्याही संख्येचा ताळा घेता येतो असे दाखवतो. आपल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात अनेक अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन समीकरणे मांडली आहेत. चिनी परंपरेतल्या 'नऊ अध्याय' या ग्रंथाचा आठवा अध्याय तर पूर्णपणे अशाच गणितांचा आहे. उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या धान्याच्या पेंढ्यांचे पहिलेच उदाहरण घ्या. ३, २ आणि १ पेंढ्यांतून ३९ मापे; २, ३ आणि १ मधून ३४; १, २ आणि ३ मधून २६. उत्तर सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन. ते परत घातले की तिन्ही ओळी काटेकोर जुळतात.

काटेकोर, कारण हे सगळे अपूर्णांकांचे गणित होते. एक तृतीयांश म्हणजे एक तृतीयांशच, त्याचे ०.३३३३ करून पुढचे टाकून देण्याची वेळ आलेली नव्हती. अशा गणितात ताळा हा अखेरचा निवाडा असतो. उत्तर बसले तर ते उत्तर आहे, नाही बसले तर नाही.

संख्या तोडण्याची वेळ आणली ती मोजणीदारांनी. एकोणिसाव्या शतकात देशच्या देश त्रिकोणांत विभागून मोजले जाऊ लागले. कोन मोजताना चुका होणारच, म्हणून गरजेपेक्षा जास्त कोन मोजायचे आणि त्या सगळ्यांशी कमीत कमी विसंगत असे उत्तर काढायचे, ही लघुतम वर्गांची पद्धत. तिच्यातून समीकरणांचे ढीग निर्माण होतात. गाउस स्वतः हॅनोव्हरच्या मोजणीत वर्षानुवर्षे गुंतला होता. २६ डिसेंबर १८२३ रोजी त्याने आपला जुना विद्यार्थी गेर्लिंग याला पत्र लिहून एक नवी रीत कळवली. अंदाजाने उत्तर धरायचे, ते समीकरणांत घालायचे, जिथे सर्वांत जास्त फरक उरेल तिथली संख्या सुधारायची आणि पुन्हा तेच करायचे. हे काम अर्धवट झोपेतही करता येते, मनात दुसरे विचार चालू असले तरी चालते, अशा आशयाचे तो लिहितो. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. या रीतीत मध्येच एखादी बेरीज चुकली तरी पुढच्या फेरीत ती चूक आपोआप धुऊन निघते, कारण ताळा हीच इथे सोडवण्याची रीत आहे.

१८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटनने सुरू केलेल्या हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मोजणीत त्रिकोणांचे जाळे इतके मोठे झाले, की सगळे एकदम सोडवणे माणसांच्या आवाक्यात नव्हते. पुढे वॉकरच्या काळात देशाचे पाच भाग पाडून एकेका भागाचा हिशेब जुळवला गेला. अमेरिकेच्या किनारा-मोजणी खात्यात डूलिटल नावाच्या गणकाने, फ्रेंच सैन्यात शोलेस्की नावाच्या अधिकाऱ्याने अशा समीकरणांसाठी सुटसुटीत तक्ते बसवले. शोलेस्की १९१८ च्या ऑगस्टमध्ये लढाईत मारला गेला. त्याची रीत छापून आली ती १९२४ मध्ये, दुसऱ्याच्या हातून.

अशा तक्त्यांच्या उजव्या कडेला एक जादा रकाना असे. प्रत्येक ओळीतल्या सगळ्या संख्यांची बेरीज त्यात लिहायची आणि ओळीवर जे संस्कार होतील तेच त्या बेरजेवरही करायचे. प्रत्येक पायरीला ओळ आणि बेरीज जुळली पाहिजेत. गणकाचा हात चुकला की तो त्याच ओळीत पकडला जाई. नवाच्या ताळ्याचाच हा मोठा भाऊ. पण हा रकाना कारकुनाची चूक पकडतो. दहाव्या घरानंतर टाकून दिलेल्या अंकांबद्दल तो काहीच बोलत नाही.

टाकून दिलेल्या त्या अंकांची भीती १९४३ साली हॅरल्ड हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञाने हिशेब मांडून दाखवली. एकेक अज्ञात काढून टाकत जाण्याच्या नेहमीच्या रीतीत प्रत्येक पायरीला चूक चौपट होऊ शकते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे शंभर समीकरणे सोडवायची तर साठेक अंक जास्तीचे हाती धरून बसावे लागेल. तेव्हाची टेबलावरची गणनयंत्रे दहा अंकांची. हे खरे असते तर पुढच्या सगळ्या संगणकांना समीकरणांच्या बाबतीत जन्माआधीच टाळे लागले असते. फॉन नॉयमान आणि गोल्डस्टाइन यांनी १९४७ मध्ये या प्रश्नावर एक प्रदीर्घ प्रबंध लिहिला आणि मोजणीतून येणाऱ्यांसारख्या एका महत्त्वाच्या प्रकारच्या समीकरणांसाठी ही भीती अवाजवी असल्याचे सिद्ध केले.

पण या कथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग इंग्लंडमधला आहे. युद्धकाळात शस्त्रास्त्र संशोधन खात्यात काम करणाऱ्या जेम्स विल्किन्सन या तरुण गणितज्ञापुढे बारा समीकरणांचा एक संच आला. हाताच्या यंत्रावर त्याने तो सोडवला आणि ताळा केला. सोडवताना आकडे इतक्या वेळा तुटले होते की ताळा ढोबळमानाने जुळला असता तरी त्याला समाधान वाटले असते. प्रत्यक्षात उरलेला फरक दहाव्या दशांश घरात होता. उत्तर इतके चांगले कसे, याचे त्याला आश्चर्यच वाटले.

१९४६ मध्ये तो टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला. तिथे अॅलन ट्युरिंग होता. काही दिवसांनी अठरा समीकरणांचा एक संच विभागात येऊन पडला. बरीच चर्चा झाल्यावर, तत्त्वचर्चा पुरे, सोडवून तर बघू, असे ठरले. फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन असे चौघे बसले. ट्युरिंगला फारसा उत्साह नव्हता. एक तर हातयंत्र चालवण्यात तो तरबेज नव्हता आणि दुसरे म्हणजे हे फसणार याची त्याला खात्री होती. गणित सुटले. उरलेला फरक पुन्हा दहाव्या घरात!

इथे थांबले असते तर ही एक आनंदाची बातमी एवढीच राहिली असती. पण त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. ताळ्यातून जो इवलासा फरक उरला होता (त्याला आपण शाळेतल्यासारखे 'बाकी' म्हणू), तीच बाकी उजव्या बाजूला लिहून तीच समीकरणे पुन्हा सोडवली आणि आलेली दुरुस्ती पहिल्या उत्तरात मिळवली. तेव्हा कळले, की पहिले उत्तर जेमतेम सहा अंकांपर्यंत बरोबर होते. ताळा दहा अंकांची ग्वाही देत होता आणि खरे अंक सहा. मधले चार अंक ताळ्याला दिसलेच नव्हते.

हे कसे होते ते एका लहान उदाहरणात हाताने बघता येते. संगणकीय गणिताच्या पुस्तकांत ते वारंवार येते. समीकरणे दोनच आहेत :

०.७८० क्ष + ०.५६३ य = ०.२१७
०.९१३ क्ष + ०.६५९ य = ०.२५४

दोन माणसांनी दोन उत्तरे आणली असे समजा. पहिला म्हणतो, क्ष = ०.९९९, य = −१.००१. दुसरा म्हणतो, क्ष = ०.३४१, य = −०.०८७. आता ताळा घ्या. पहिल्याचे उत्तर घातले तर ०.२१७ च्या जागी ०.२१५६५७ येतात आणि ०.२५४ च्या जागी ०.२५२४२८. दुसऱ्याचे घातले तर ०.२१६९९९ येतात आणि दुसऱ्या समीकरणात तर नेमके ०.२५४. कोणताही मास्तर दुसऱ्याला पैकीच्या पैकी गुण देईल आणि पहिल्याला परत पाठवील.

खरे उत्तर आहे क्ष = १, य = −१. ज्याला परत पाठवले तो हजारांशाने चुकला होता. ज्याला गुण दिले त्याच्या उत्तराचा पहिला अंकसुद्धा बरोबर नाही.

कारण भूमितीत बघावे. प्रत्येक समीकरण म्हणजे कागदावरची एक रेषा आणि उत्तर म्हणजे त्या जिथे छेदतात तो बिंदू. रेषा एकमेकींना काटकोनात छेदत असतील तर छेदबिंदूपासून जरा दूर गेले की लगेच कोणत्या तरी रेषेपासूनही दूर जावे लागते. पण इथे दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर पडल्या आहेत. छेदबिंदूपासून लांबवर चालत गेले तरी दोन्ही रेषा पायाखालीच राहतात. ताळा फक्त रेषेपासूनचे अंतर मोजतो. छेदबिंदूपासूनचे अंतर मोजणे त्याचे काम नव्हेच. ते त्याचे काम आहे असे आपण गृहीत धरले होते.

टेडिंग्टनची युक्ती इथे लावून बघा. दुसऱ्या उत्तराची बाकी आहे ०.००००0१ आणि ०. ही उजव्या बाजूला लिहून समीकरणे सोडवली तर दुरुस्ती येते क्ष साठी ०.६५९ आणि य साठी −०.९१३. मिळवा : ०.३४१ चे १ होतात आणि −०.०८७ चे −१. दुरुस्ती मूळ उत्तराहून मोठी निघाली, हीच धोक्याची घंटा. बाकी किती लहान आहे हे बघून उपयोग नसतो, त्या बाकीमुळे उत्तर किती हलते हे बघावे लागते.

ट्युरिंगने १९४८ च्या आपल्या निबंधात या हलण्याला एक माप दिले. त्याला त्याने कंडिशन नंबर म्हटले आणि ते नाव टिकले. वरच्या समीकरणांसाठी तो वीस लाखांहून अधिक भरतो. म्हणजे आकडेमोडीत जितके अंक हाती धरले असतील त्यांतले सहाएक अंक गेलेच म्हणून समजायचे. आज बहुतेक संगणक दशमानाच्या हिशेबात सुमारे सोळा अंक धरतात, म्हणून हे उदाहरण आज त्यांना त्रास देत नाही. पण हिल्बर्टच्या नावाचा एक साधासुधा दिसणारा तक्ता आहे : १, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशा संख्या ओळीने सरकवत लिहिलेला. तो बारा ओळींचा केला, की कंडिशन नंबर एकावर सोळा शून्यांच्या पलीकडे जातो. सोळाच्या सोळा अंक गेले, आणि तरीही बाकी नगण्यच दिसते.

विल्किन्सनने पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या कोड्याचे जे उत्तर दिले ते मला तत्त्वज्ञानाच्या पातळीचे वाटते. यंत्राचे उत्तर आपल्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आहे, असे म्हणू नका. ते शेजारच्या एका प्रश्नाचे अचूक उत्तर आहे, असे म्हणा. मग दोन प्रश्न वेगळे होतात. यंत्राने सोडवलेला प्रश्न आपल्या प्रश्नापासून किती लांब आहे? हे बाकी सांगते. आणि प्रश्न तेवढा सरकला तर उत्तर किती सरकते? हे कंडिशन नंबर सांगतो. मूळ सहगुणक मोजणीतून आले असतील आणि मोजणीच तिसऱ्या घरात डळमळीत असेल, तर ०.३४१ हे उत्तरही तक्रार करण्याजोगे नाही. ०.५६३ खरोखर ०.५६३ च आहे हे कोणी सांगितले?

याच माणसाला एकदा उलटा अनुभव आला. पायलट एस या यंत्रावर बहुपदीची मुळे काढण्याचा कार्यक्रम तपासायचा होता. उत्तर आधीच माहीत असलेले उदाहरण द्यावे म्हणून त्याने १ ते २० ही मुळे असलेली बहुपदी घेतली. यंत्राने भलतेच काही दिले. दोष कार्यक्रमात असणार असे वाटले, पण दोष उदाहरणात होता. त्या बहुपदीतला −२१० हा सहगुणक सुमारे एक कोटीव्या भागाइतका हलवला, तरी वीसपैकी दहा मुळे वास्तव संख्यांतून उठून काल्पनिकांत जातात. ताळ्यासाठी निवडलेले उदाहरणच इतके चंचल निघाले.

हा सगळा विचार तज्ज्ञांच्या वर्तुळात फिरत असताना बाहेर काय चालले होते, ते १९६७ साली जेम्स लाँग्ली यांनी दाखवून दिले. ते अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी विभागात होते. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे रोजगार, किंमती, राष्ट्रीय उत्पन्न असे आकडे घेऊन त्यांनी सहा चलांचे एक लघुतम वर्गांचे गणित हाताने, पुष्कळ अंक धरून सोडवले. मग तेच आकडे तेव्हा वापरात असलेल्या संगणक-कार्यक्रमांना दिले. उत्तरे एकमेकांशी जुळेनात. काहींचा पहिला अंकही बरोबर नव्हता. आणि प्रत्येक यंत्राने आपले उत्तर आठ-दहा अंकांसह ठणठणीत छापून दिले होते. अर्थनीतीची चर्चा अशा कागदांवर होत असे, म्हणून हा निबंध महत्त्वाचा. ज्याच्या नावावर मोठा सिद्धान्त नाही अशा एका जागरूक वापरकर्त्याने हे केले, याचे मला विशेष वाटते. लाँग्लींचे ते आकडे आजही नवे सांख्यिकी सॉफ्टवेअर पारखण्यासाठी वापरले जातात. अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यांची उत्तरे पाचशे अंकांची आकडेमोड करून प्रमाणित केली आहेत.

सॉफ्टवेअरही शहाणे होत गेले. १९७९ च्या लिनपॅकमध्ये समीकरणे सोडवता सोडवताच कंडिशन नंबरचा अंदाज काढण्याची सोय आली. त्याच्या कर्त्यांपैकी क्लीव्ह मोलर यांनी न्यू मेक्सिकोतल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅब रचले. समीकरणे फार नाजूक असली तर ते उत्तराबरोबर इशाराही छापते. माझ्या पाहण्यात, इशारा वाचणाऱ्यांपेक्षा तो बंद कसा करायचा हे विचारणारे जास्त भेटतात.

'मग अंक वाढवून बघावेत' हा व्यवहारी सल्ला. सोळा अंकांनी सोडवा, मग बत्तीस अंकांनी, आणि दोन्ही जुळले तर निश्चिंत व्हा. जर्मन गणितज्ञ झिगफ्रीड रुम्प यांनी १९८८ मध्ये याही सल्ल्याला सुरुंग लावला. ७७६१७ आणि ३३०९६ या दोन संख्या घालून काढायची एक राशी त्यांनी रचली. आयबीएमच्या ३७० जातीच्या यंत्रावर साध्या, दुप्पट आणि त्याहून विस्तारित अशा तिन्ही प्रकारे ती काढली तर उत्तर १.१७२६... असेच येई, आणि जास्तीचे अंकही नीट जुळत. खरे उत्तर आहे −०.८२७३... चिन्हसुद्धा चुकलेले! तीन साक्षीदार एकच जबानी देत होते, कारण तिघांची नजर एकाच जागी अधू होती.

यातून निघालेली वाट रॅमन मूर यांच्या १९६६ च्या पुस्तकाने आधीच आखून ठेवली होती. एका संख्येऐवजी दोन टोके धरायची : उत्तर यापेक्षा कमी नाही आणि त्यापेक्षा जास्त नाही. प्रत्येक पायरीला अंक तोडताना खालचे टोक खाली आणि वरचे वर ढकलायचे. यंत्र मग 'उत्तर अमुक आहे' असे न म्हणता 'उत्तर या पेटीत आहे' असे म्हणते, आणि ते विधान सिद्ध झालेले असते. वक्ररेषांच्या समीकरणांत याची गरज अधिक. क्षचा वर्ग अधिक ०.००००0१ बरोबर शून्य, या समीकरणात क्ष = ० घातले तर बाकी दशलक्षांश उरते, पण वास्तव उत्तर अस्तित्वातच नाही. बाकी लहान असणे आणि उत्तर असणे यांत इतके अंतर. क्रॉफचिक यांनी १९६९ मध्ये अशी कसोटी दिली, की ती उतरली तर पेटीत उत्तर आहेच हे ठरते. रुम्प यांनी १९९९ मध्ये मॅटलॅबसाठी ही साधने सर्वांच्या हाती दिली. काही ठिकाणी जुना ताळा पुरतो हेही सांगायला हवे. वर्गमूळ घालवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग केला की उपरी मुळे शिरतात, आणि ती हुडकायला उत्तर परत घालून बघण्यासारखा उपाय नाही.

राहता राहिली एक गोष्ट, जी यांपैकी कोणत्याच ताळ्यात सापडत नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर नावाच्या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. एका पोकळ खांबाची भिंत फुटली आणि सगळा डोलारा तळाला गेला. आदळल्याचा धक्का भूकंपमापकांवर ३ तीव्रतेचा नोंदला गेला. प्राणहानी झाली नाही. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचे. चौकशीत आढळले, की भिंतींवरचा कातर-ताण संगणकाने ४७ टक्क्यांनी कमी दाखवला होता आणि भिंती त्या मानाने पातळ बांधल्या गेल्या होत्या. संगणकाने आपल्यापुढची समीकरणे सोडवण्यात कसूर केली नव्हती. भिंतीचे तुकडे पाडून समीकरणे मांडताना तुकडे फार ढोबळ पाडले गेले होते. उत्तर परत घालून बघितले असते तर ते बसले असते. अपघातानंतर बारीक तुकडे पाडून पुन्हा हिशेब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे निघाले. ती फुटली होती ६५ मीटरवर.

नवा पाया तातडीने हवा होता. संगणकाच्या आकड्यांवर विसंबण्याची आता कोणाची तयारी नव्हती, म्हणून अभियंत्यांनी संगणकापूर्वीच्या काळातल्या रीतींनी, हाताने हिशेब करून आराखडा केला. दुरुस्त कार्यक्रमाची उत्तरे येईपर्यंत आराखडा पुरा झाला होता आणि बांधकामही बरेच वर आले होते. १९९३ च्या एप्रिलअखेर नव्या पायावर फलाट चढवला गेला.